बेताल ठिपका

संपत वायदंडेनं ते मशीन घ्यावं की नाही, यावर शेरीवाडीत दिवाळीचे चार दिवस असा खल चालला होता की गावात दुसरं काही घडतच नसावं. ज्याला गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, तोही पारावर बसून मत देत होता. गप्प होता तो एकटा संपत, कारण पैसे त्याचे जाणार होते.

मशीन म्हणजे गळ्यात अडकवून चालता येईल असा, जेवणाच्या डब्याएवढा डीजे-प्लेअर. नाव ‘ठेका’. किंमत एवढी की त्यात दोन बऱ्या मोटारसायकली दारात आल्या असत्या. पण संपतपुढे दुसरा मार्गही नव्हता. चार वर्षांपूर्वी आवाजाचा नवा कायदा आला आणि ट्रॅक्टरवर रचलेल्या स्पीकरच्या भिंती गोठ्यांत जाऊन पडल्या. आता ठरल्यापलीकडे आवाज चढवला की स्पीकर आपोआप मुका व्हायचा. छातीत धडकी भरवून वरात नाचवायची ज्यांची जन्माची सवय, त्या संपतसारख्यांचे हाल कुत्रा खाईना. पोरं दोन गाण्यांत कंटाळायची आणि मांडवात जाऊन बसायची.

‘ठेका’ला आवाज चढवायची गरजच नव्हती. विट्याच्या दुकानदारानं संपतला समजावलं ते असं. माणसाचं हृदय ठोका देतं तेव्हा छातीची कातडी किंचित वर येते आणि खाली जाते. मिलिमीटरभरही नाही, त्यामुळे डोळ्याला ते दिसत नाही. हे यंत्र मोबाईलच्या लहरींपेक्षा कितीतरी बारीक लहरी भोवतालच्या गर्दीवर सोडतं. त्या एकेका छातीवर आपटून परत येतात, आणि परत आलेल्या लहरींत पडलेला सूक्ष्म फरक मोजून यंत्र प्रत्येकाची नाडी काढतं. तीस पावलांच्या आतल्या प्रत्येक माणसाचा स्क्रीनवर एक हिरवा ठिपका. हृदयाचा ठोका पडेल तसा ठिपका लुकलुकतो. मग यंत्र सगळ्यांची सरासरी काढतं आणि तिच्याहून जरासं जलद गाणं लावतं. शरीर बापडं भोळं असतं, ते गाण्यामागं चालू लागतं. ते पोचलं की गाणं आणखी थोडं पुढं सरकतं. अर्ध्या तासात दीडशे माणसांची काळजं एका ठेक्यात येतात, आणि मग आवाज लहान असला तरी कुणाला जागेवर बसवत नाही.

शेवटी भाऊबीजेला निकाल दिला तो संपतच्या थोरल्या भावानं, सर्जेरावनं. सर्जेराव हलगी वाजवायचा. तीस वर्षं वाजवत होता, आणि त्याच्या ताला-सुराबद्दल तालुक्यात दुमत नव्हतं. कुस्तीच्या फडात त्याची हलगी कडाडली की पैलवान शड्डू ठोकायच्या आधी त्याच्याकडं बघायचे. संपतचं लग्न झालेलं नव्हतं. शेकडो नवरदेवांना त्यानं मारुतीपर्यंत पोचवलं, स्वतःचं घोडं मात्र कुठं अडलं ते अडलंच. त्यामुळे तो दोन वेळचं जेवायचा भावाच्याच घरी, सुमनवहिनीच्या हातचं.

“संपा, घेऊन टाक,” सर्जेराव म्हणाला.

“दादा, लई म्हाग हाय. आन् ते आल्यावर तुझी हलगी कोण ऐकणार?”

“आत्ता तरी कोण ऐकतंय? मी हलगी शेकून येस्तवर पोरं मोबाईल काढून बसत्यात. तुझं मशीन त्यास्नी उभं ठेवंल, मग मी वाजवीन. दोगं मिळून एक गडी हाय आपण.”

सर्जेरावची मुलगी सानिका तिथंच भाकरी खात बसली होती. ती कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती, आणि बापाजवळ हट्ट करून हलगी शिकली होती. “तात्या, घ्याच,” ती संपतला म्हणाली. “पप्पा एकदा बोलले म्हणजे बोलले.” आणि घास संपवून ती हात धुऊन निघाली. “जाते मी.”

“माघारी फिर,” सर्जेराव म्हणाला. “जाते काय? येते म्हण.”

ती उंबऱ्यावरून परत आली, “येते, येते, येते” असं तीनदा म्हणाली आणि हसत पळाली. हा त्या घरातला नेहमीचा खेळ होता.

मार्गशीर्षात पहिला परण्या लागला. लग्नाआधी नवरदेव घोड्यावर बसून वाजत-गाजत मारुतीच्या पाया पडायला जातो, त्याला त्या भागात परण्या म्हणतात. दुपारचं ऊन, पुढं हलगी, मागं गळ्यात ‘ठेका’ अडकवलेला संपत, त्याच्यामागं नाचणारी पोरं, आणि सगळ्यांच्या शेवटी घोडं. संपतनं बटण दाबलं. स्क्रीनवर शंभरभर ठिपके उमटले आणि हळूहळू एका चालीवर लुकलुकू लागले. एक ठिपका मात्र काही केल्या चालीत येईना. दोन ठोके नीट, मग एक खाडा, मग घाईघाईनं दोन. त्याच्यापायी सरासरी डळमळू लागली आणि गाणं अडखळलं. स्क्रीनवर अक्षरं आली: ‘बेताल ठिपका. वगळायचा?’

संपतनं ठिपक्याची जागा पाहिली आणि त्याला हसू आवरेना. तो ठिपका अगदी पुढं होता, एकटा.

“दादा!” तो ओरडला. “मशीन म्हणतंय तू बेताल हैस!”

सगळा परण्या हसला. घोड्यावरचा नवरदेवसुद्धा मुंडावळ्या बाजूला करून हसला. आणि सर्वांत जास्त हसला सर्जेराव. “आयला, तीस वरसं हलगी वाजवतोय, आन् मला बेताल म्हणतंय! परत कर त्याला दुकानात!”

संपतला कारण लगेच कळलं, म्हणजे कळलंसं वाटलं. हलगी छातीला टेकूनच वाजवतात. तिचं कातडं थरथरतंय, आणि मशीन त्यालाच काळीज समजतंय. वाजवणाऱ्याच्या छातीपुढं हलगी असणार, हे शहरातल्या कारखान्यात बसून मशीन करणाऱ्याला कुठून ठाऊक असायला? शिवाय संपतला धंदा शिकवणाऱ्या कराडच्या उस्तादानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की खरखर आली की विचार करत बसायचं नाही, वायर उपटायची. वीस वर्षं त्यानं तेच केलं होतं. अंगठा आपोआप ‘होय’वर गेला. खाली बारीक अक्षरांत होतं, ‘पुढेही असेच करावे’. त्यानं तिथंही खूण केली. ठिपका राखी झाला, गाणं सुरळीत झालं, आणि परण्या असा नाचला की म्हाताऱ्याकोताऱ्यांनीही धोतराचे सोगे खोचले.

त्या दिवसानंतर संपत-सर्जेरावला तारखा पुरेनात. प्रत्येक काळजाची चाल वेगळी असते आणि मशीन ती लक्षात ठेवतं, त्यामुळे सर्जेरावचा ठिपका दर वेळी आपोआप राखीच उमटायचा. ‘बेताल सर्जेराव’ हा विनोद गावोगाव पोचला. लोक मुद्दाम बोलावून विचारायचे, “त्यो बेताल गडी येणार हाय न्हवं?”

वैशाखात शेवटची मोठी तारीख होती. सकाळी निघताना सर्जेरावनं उंबऱ्यावरून हाक दिली, “येतो गं सुमन.” ऊन मी म्हणत होतं. परण्या मारुतीच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर आला तेव्हा सर्जेरावची हलगी सैल पडली. त्यानं ती छातीवरून उतरवली, रस्त्याकडेला पाचट पेटवून कातडं पुन्हा ताणेपर्यंत शेकली, पुन्हा अडकवली आणि घाईचा ठेका धरला. पोरं नुसती उसळत होती. मशीननं दीडशे काळजं एका दोरीत ओवली होती. मग हलगी मध्येच थांबली. संपतला वाटलं, दादा मुद्दाम थांबलाय, आता जोरात उचलील. पोरांनाही तसंच वाटलं, आणि कितीतरी वेळ ती नाचतच राहिली.

डॉक्टर म्हणाले, उन्हानं काळीज बंद पडलं. कुणी त्यापुढं काही विचारलं नाही.

बाराव्याला जमलेल्या माणसांनी सर्जेरावच्या आठवणी काढल्या, आणि अर्थातच तो विनोद निघाला. सांगणाऱ्याचे डोळे भरले होते. सानिका रडता रडता हसली. वहिनीसुद्धा पदराआड हसली. संपत तेव्हा उठून मागच्या दारी गेला. सगळ्यांना वाटलं, भावाला गलबलून आलं. पण आदल्याच दिवशी त्यानं मशीनमधली नोंद उघडून पाहिली होती.

‘ठेका’ प्रत्येक वरातीतल्या प्रत्येक ठिपक्याची नोंद ठेवायचा, वगळलेल्याचीसुद्धा. संपतला भावाचं शेवटचं काळीज बघायचं होतं, दुसरं काही नाही. त्यानं त्या दिवशीची दुपार उघडली. सर्जेराव हलगी शेकत होता ती चार मिनिटं आली. त्या चार मिनिटांत हलगी छातीवर नव्हती, दोन हात लांब आगीवर होती. राखी ठिपका तरीही तसाच चालला होता. दोन नीट, एक खाडा, मग घाईघाईनं दोन. संपतनं मागच्या तारखा काढल्या. माघ, फाल्गुन, चैत्र. हलगी शेकायची वेळ प्रत्येक परण्यात होतीच, आणि प्रत्येक वेळी ठिपका तसाच होता. खाडे मात्र वाढत गेले होते. मशीन सहा महिने खरं बोलत होतं, आणि त्यानं त्याची वायर उपटली होती.

मशीनबरोबर आलेल्या जाड पुस्तकात, चाळिसाव्या पानानंतर कुठंतरी, कंपनीनं लिहून ठेवलं होतं की हे उपकरण करमणुकीसाठी आहे, आजार ओळखण्यासाठी नाही. तसं लिहिलं की डॉक्टरी यंत्रांचे कडक नियम लागत नाहीत. संपतनं ते पान पुन्हा पुन्हा वाचलं, पण त्याचा जीव काही हलका झाला नाही. मशीन त्यानं पत्र्याच्या पेटीत ठेवून कुलूप लावलं. नोंदीतलं कुणाला सांगितलं नाही. आणि त्यातली एक गोष्ट अशी होती, जी त्यानं स्वतःशीही उच्चारली नव्हती. दोन वेळा वहिनीच्या घरी जायचा, मान खाली घालून जेवायचा. ती आग्रहानं वाढायची, आणि तो अर्ध्या भाकरीवर उठायचा.

तुळशीच्या लग्नाच्या आधी सानिका त्याच्या खोलीवर आली.

“तात्या, एक खरं सांगायचं. ‘ठेका’ घेण्यासारखा हाय का?”

“कुणाला?”

“मला. पप्पांची हलगी हाय, मला वाजवता येतीय. पोरींना कंपनी हप्त्यावर देतीय. आईचं सगळं माझ्यावरच हाय आता. पण किंमत बघून छाती दडपतीय. तुम्ही वापरलाय, तुमच्याशिवाय कुणाला इचारू?”

“नगं घेऊस,” संपत एवढंच म्हणाला.

“का? वाईट हाय?”

“वाईट न्हाई.”

“मग? तुमचंच द्या की तात्या, पेटीत सडतंय. निदान दाखवा तरी.” तिनं खुंटीवरची किल्ली काढली. तिला नाही म्हणणं त्या घरात कुणालाच जमलं नव्हतं. तिनं मशीन बाहेर काढलं, फडक्यानं पुसलं, तारेला लावलं आणि सुरू केलं.

खोलीत दोघंच होते. स्क्रीनवर दोन ठिपके उमटले. संपतचा ठिपका धडधडत होता, पण नीट. सानिकाचा ठिपका दोनदा लुकलुकला, एक खाडा घेतला, मग घाईघाईनं दोनदा लुकलुकला.

‘बेताल ठिपका. वगळायचा?’

सानिका खळखळून हसली. “आयला, मलाबी बेताल म्हणतंय! पप्पांची लेक शोभते का न्हाई?” आणि तिनं ‘होय’ दाबायला बोट पुढं केलं.

संपतनं तिचं मनगट धरलं, इतकं घट्ट की ती कळवळली. तिच्या छातीपुढं हलगी नव्हती. काहीच नव्हतं, नुसती ओढणी होती. त्याला दोनच गोष्टी दिसत होत्या. खोटं काहीतरी सांगून हिला डॉक्टरकडं न्यावं, तर ही हसण्यावारी नेणार, नव्या हंगामात हलगी गळ्यात घालून उन्हात उभी राहणार. आणि खरं सांगावं, तर या जगात त्याचं म्हणून जे एक घर होतं, ते उरणार नव्हतं.

“बस,” तो म्हणाला. “तुला काय तरी दाखवायचं हाय.”

त्यानं नोंद उघडली. ती चार मिनिटं लावली. हलगी कुठं होती ते सांगितलं. मग माघ, फाल्गुन, चैत्र. सानिका बघत राहिली. बापाचं काळीज राखी रंगात तिच्यासमोर चालत होतं, अडखळत होतं, पुन्हा चालत होतं. तिनं स्क्रीनवर बोट ठेवलं, जिथं ठिपका होता तिथंच.

“हे तुम्हाला कधी कळलं?”

“बाराव्याच्या आदल्या दिवशी.”

“सहा महिने झाले, तात्या.”

“व्हय.”

दुसऱ्याच दिवशी मिरजेला तपासणी झाली. डॉक्टरांनी कागदावर काळजाचं चित्र काढून दाखवलं. स्नायूची एक भिंत जन्मतःच जाड. बापाकडून लेकरात उतरणारा दोष, प्रत्येक लेकरात यायची शक्यता निम्मी. एरवी कधीतरी ठोका चुकतो, माणसाला पत्ताही लागत नाही. आणि एखाद्या दिवशी, उन्हात, श्रमात, सगळाच ताल सुटतो. तरुण पोरीच्या खांद्याजवळ, कातडीखाली, काडेपेटीएवढं यंत्र बसवावं लागेल. ताल सुटला की ते झटका देऊन काळजाला जाग्यावर आणील. “वेळेत आलात,” डॉक्टर म्हणाले. “कळलं कसं पण?”

सानिका तो कागद उचलून बाहेर आली.

बाहेरच्या बाकावर सुमनवहिनी बसली होती. लेकीनं तिला सगळं सांगितलं होतं. संपत समोर जाऊन उभा राहिला. बसायची त्याची हिंमत झाली नाही.

“भावजी,” ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “हलगीचा समज झाला, त्ये मी समजून घीन. माझाबी झाला असता. त्येबी हसलं, मीबी हसले. पण सा महिनं तुमी माझ्या हातची भाकरी खाल्ली. रोज समोर बसलासा. पोरगी रोज दारात हलगी वाजवत हुती, तुमी ऐकत हुता. एक दिस तरी तोंड उघडायचं हुतं.”

“मला काय ठावं वैनी, पोरीलाबी आसंल म्हणून...”

“ठावं नव्हतं. सांगितलं आसतं तर डॉक्टरला तरी ठावं झालं आसतं.”

दादा गेला तो अजाणतेपणानं, असं तो स्वतःला सांगत आला होता. पण पोरगी वाचली ती निव्वळ नशिबानं, आणि ते सहा महिने त्याच्या एकट्याचे होते. त्या संध्याकाळपासून तो स्वतःची भाकरी स्वतः थापू लागला. ती कधी गोल झाली नाही.

महिन्यानं सानिका आली. खांद्याजवळ पट्टी होती, चेहरा उतरला होता.

“मशीन न्यायला आलेय,” ती म्हणाली. “नवीन घेणार न्हाई. हेच पायजे.”

“ने की. तुझंच हाय.” संपतला जीभ रेटेना, तरी त्यानं विचारलं, “पण घेण्यासारखं हाय म्हणतीस?”

“हाय. त्यो प्रश्न आला की गाणं बंद करणार. ज्याचा ठिपका आसंल त्याला बाजूला घेणार आन् डॉक्टरकडं जा म्हणून सांगणार. लोक हसतील.”

“हसतील.”

“हसू देत.”

त्यानं मशीन पेटीतून काढून तिच्या हातात दिलं. तिनं सुरू केलं, कोपऱ्यातली यादी उघडली. ‘वगळलेले: एक’. तिचं बोट तिथं थांबलं. तिनं ती यादी पुसली. राखी ठिपक्याच्या सगळ्या नोंदी एकदम हिरव्या झाल्या. मग तिनं पट्टा गळ्यात अडकवला, दुखऱ्या खांद्याला लागणार नाही असा सरकवला, आणि दाराकडं निघाली. उंबऱ्याशी ती थांबली.

“तात्या, एकच इचारते. पप्पा हलगी शेकत हुते. छातीवर हलगी नव्हती. त्या वक्ताला तुम्ही स्क्रीनकडं बघत हुता?”

नाही म्हणणं सोपं होतं. गर्दी होती, ऊन होतं, पोरांकडं बघत होतो, असं म्हटलं असतं तर तिनं मानलं असतं. तिला ते मानायचंच होतं, म्हणून तर ती थांबली होती.

“बघत हुतो,” संपत म्हणाला. “राखी ठिपका अडखळताना दिसला हुता. हलगी नसतानाबी कसा काय, आसं मनात आलंबी हुतं. परण्या रंगात आला हुता. म्हटलं, घरी गेल्यावर बघू.”

सानिकानं मान हलवली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. तिनं एकदा खोलीकडं पाहिलं, चुलीकडं, परातीतल्या वाकड्या भाकरीकडं.

“जाते,” ती म्हणाली.

संपत तिला माघारी बोलावणार होता, ‘येते म्हण’ म्हणणार होता. शब्द ओठांपर्यंत आला. पण ते सांगायचा हक्क ज्याचा होता तो राहिला नव्हता, आणि ती पायऱ्या उतरून गेलीसुद्धा.